सेटरचं पिल्लू घरी आणलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेरू ही आमची आयरिश सेटर. आता सहा वर्षांची आहे, आणि तिला फिरायला नेलं की रोज कुणीतरी थांबवतं. पहिला प्रश्न ‘गोल्डन रिट्रीव्हर का?’, दुसरा ‘चावते का?’ आणि ज्यांनी नुकतंच असं पिल्लू आणलंय त्यांचा तिसरा, ‘हे कधी शांत होतं हो?’ या तिसऱ्याचं उत्तर रस्त्यात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे पान. मी पशुवैद्य नाही. कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सेटर वाढवताना केलेल्या चुका, एवढंच माझं भांडवल.

सेटर म्हणजे नक्की कुठला कुत्रा?

पक्ष्याचा वास लागला की भुंकायचं नाही, धावून जायचं नाही, जागच्या जागी दबून थिजायचं, हे ज्याचं काम तो सेटर. बंदुका सर्रास वापरात यायच्या आधी शिकारी अशा दबलेल्या कुत्र्याच्या पुढे जाळं टाकून तितर पकडत. त्या दबून बसण्यावरूनच हे नाव पडलं. आज चार जाती मानतात: पांढऱ्यावर ठिपके असलेला इंग्लिश, काळा-तांबूस गॉर्डन (स्कॉटलंडच्या ड्यूक ऑफ गॉर्डन यांच्या नावावरून), तांबडा आयरिश आणि तांबडा-पांढरा आयरिश. तांबड्यांसाठीचा क्लब १८८२ मध्ये डब्लिनला स्थापन झाला. आयर्लंडच्या बस एरन या सरकारी बसवर धावणारा तांबडा कुत्रा दिसतो, तो हाच. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्याकडेही एक आयरिश सेटर होता, किंग टिमाहो नावाचा.

आपल्याकडे ही जात कमी दिसते. म्हणून तर तो ‘गोल्डन का?’

पिल्लू घेताना काय विचारायचं?

आईला बघायला मागा. आई दाखवत नसतील तर तिथून परत फिरा. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि त्याला कारण आहे. चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. पाचव्या आठवड्यात उचलून आणलेल्या पिल्लाला ते तुम्हाला शिकवावं लागतं, तुमच्या मनगटावर.

कागदपत्रांपेक्षा तब्येतीचं जास्त विचारा. आयरिश आणि गॉर्डनमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन आंधळेपणा आणणारा आनुवंशिक आजार आढळतो, त्याची डीएनए चाचणी होते. आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, तेही विचारा. इंग्लिश सेटर घेत असाल तर जन्मजात बहिरेपणाकडे लक्ष द्या. पिल्लू पाठमोरं असताना किल्ल्यांचा जुडगा वाजवून बघणं ही घरगुती युक्ती झाली. एका कानाचा बहिरेपणा मात्र तिच्यात कळत नाही, त्याला खरी तपासणीच लागते.

हे इतकं चंचल का आहे? आमच्या आधीच्या लॅबचं असं नव्हतं.

लॅब्रडॉरचं काम मालकाच्या पायाशी बसून राहायचं आणि पडलेला पक्षी आणून द्यायचा. सेटरचं काम मालकापासून लांब जायचं. वाऱ्याला तोंड करून, नाक वर करून, माळरान डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे विंचरत जायचं, तेही तासन्‌तास. तुमचं पिल्लू सोफ्यावरून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात आणि परत सोफ्यावर जे करतंय, ते तेच. त्याच्या हिशेबी तुमचा हॉल म्हणजे एक अगदी लहान माळ.

हे समजायला मला वर्ष लागलं. तोवर मी तिला दमवायच्या मागे होतो. सकाळी पळव, संध्याकाळी पळव. झालं एवढंच, की सहा महिन्यांत ती माझ्यापेक्षा तिप्पट तंदुरुस्त झाली. नाकाला काम दिलं तेव्हा कुठे ती दुपारची झोपायला लागली.

नाकाला काम म्हणजे काय?

जुना टॉवेल घ्या. त्यात खाऊचे चार तुकडे ठेवून गुंडाळी करा आणि पिल्लापुढे टाका. जमलं की सैल गाठ मारा. मग पुठ्ठ्याचे सहा खोके मांडा आणि एकातच खाऊ ठेवा. मग खोलीत कुठेतरी लपवा. कपाटाच्या कडेला, पायपुसण्याखाली, हळूहळू उंचावर, कारण सेटर जमिनीपेक्षा हवेतला वास चांगला पकडतो. दहा मिनिटं हे झालं की पिल्लू जीभ बाहेर टाकून आडवं होतं. गेरूचं रात्रीचं अर्धं जेवण आम्ही वर्षभर असंच घरभर लपवून दिलं. सासूबाई म्हणायच्या, ‘ताटात वाढायला काय होतं हिला?’ आता त्याच लपवतात.

आम्ही ‘बस’ म्हणतो, ती बसत नाही.

हा प्रश्न मराठी घरांतच पडतो, म्हणून जरा सविस्तर. दिवसभरात तुमच्या घरात ‘बस’ किती वेळा म्हटलं जातं ते मोजा. ‘बस की जरा’ पाहुण्यांना. ‘बस बस, पुरे’ वाढणाऱ्याला. ‘बस चुकली’ मुलाला. आणि पिल्लू उड्या मारायला लागलं की सगळे मिळून ‘बस! बस आता!’ म्हणजे बसायची आज्ञा आणि थांबायची विनवणी एकाच शब्दात. पिल्लाने काय समजायचं?

‘ये’चंही तेच. ‘इकडे ये’, ‘जेवायला ये’, ‘लवकर ये’ हे तिच्या कानावर दिवसातून पन्नास वेळा पडतं आणि त्यातलं एकही तिच्यासाठी नसतं. शब्द झिजतो. त्यात बाबा ‘कम’ म्हणतात, आजी ‘ये गं बाई’ म्हणते, मुलगा नुसतं नाव ओरडतो.

घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून पाच शब्द ठरवा आणि फ्रिजवर लावा. भाषा कुठलीही चालते. आम्ही बसायला ‘सिट’ ठेवलं, कारण तो शब्द घरात दुसऱ्या कशालाच लागत नाही. तोंडातलं सोडायला ‘दे’. जागेवर जाऊन पडायला ‘चटई’. बोलावण्यासाठी एक खास शब्द राखून ठेवला, त्याचं पुढे येईलच. आणि ‘नो’ शक्यतो काढून टाका. ज्या शब्दाचा अर्थ रोज बदलतो, तो शिकवता येत नाही.

सुया टोचाव्यात तसं चावते. पाळण्यातल्या बाळाच्या दुपट्यापासून आजोबांच्या धोतरापर्यंत काही सोडत नाही.

दुधाचे दात २८, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. ओल्या फडक्याला गाठी मारून ते फ्रीजरमध्ये गोठवा आणि चघळायला द्या. गार गाजरही चालतं. चावल्यावर किंचाळू नका आणि हात झटकू नका, सेटरला तो खेळच वाटतो. उठा आणि अर्धं मिनिट खोलीबाहेर जा. परत आलात, परत चावली, परत जा. पहिल्या दिवशी हे तीस वेळा करावं लागेल. संध्याकाळी सहा ते आठमधलं चावणं बहुतेक वेळा झोप न झाल्यामुळे असतं. पिल्लाला दिवसाकाठी १८ तास झोप लागते आणि आपण पाहुण्यांना दाखवायला त्याला उठवत बसतो.

शी-शूची सवय लिफ्टच्या इमारतीत कशी लावायची?

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी उचलून खाली न्यायचं. चालवत नेलंत तर लिफ्टच्या दारात काम उरकलं जातं. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर बाल्कनीत मातीचा किंवा हिरवळीचा ट्रे ठेवा. झालं की त्याच क्षणी खाऊ द्यायचा, घरी परत आल्यावर नव्हे. घरात झालं तर न बोलता पुसायचं. नाक त्यात घासण्याची जुनी पद्धत अजून काही जण सांगतात. तिने पिल्लू एकच गोष्ट शिकतं, की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

मैदानावर सोडली की येतच नाही. काय करू?

सेटरवाल्यांचा हा मुख्य आजार. घाई केलीत तर पुढची बारा वर्षं दोरी हातातून सुटत नाही.

आधी घरातच सुरू करा. एक शब्द किंवा शिट्टी ठरवा. इंग्लंड-आयर्लंडमध्ये या कुत्र्यांना शिट्टीवरच चालवतात, कारण ती लांब पोचते आणि तिच्यात आपला राग ऐकू येत नाही. फक्त तुमची शिट्टी कुकरपेक्षा वेगळी वाजवा. तीन छोटे फुंकर बरे. गेरू पहिले दोन आठवडे वरणभात झाला की धावत येऊन माझ्यापुढे बसायची.

शिट्टी वाजली की दरवेळी काहीतरी भारी मिळालं पाहिजे. उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे हे आमचं चलन. शाकाहारी घरात पनीर चालतं. कोरडं बिस्कीट चालत नाही, कारण समोर गवतात लाव्हा पक्षी असताना बिस्किटाला कोण विचारतो.

मग मैदान. दहा मीटरची दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा. गळ्यातल्या पट्ट्याला नको, धावता धावता दोरी संपली की मानेला हिसका बसतो. दोरी जमिनीवर लोळू दे. ती स्वतःहून वळून तुमच्याकडे बघेल, तेव्हा शिट्टी वाजवा. आली की खाऊ द्या आणि ‘जा’ म्हणून परत सोडा. इथेच बहुतेक जण चुकतात. आपण कधी बोलावतो? घरी जायची वेळ झाली की, नाहीतर आंघोळीच्या वेळी. म्हणजे येणं आणि मजा संपणं हे तिच्या डोक्यात एकच होऊन बसतं. दहा वेळा बोलवा, नऊ वेळा परत सोडा.

नाही आली तर मागे धावू नका. धावण्यात ती जिंकणारच. उलट दिशेला पळा, मोठ्याने हसा, खाली बसून गवतात काहीतरी सापडल्यासारखं करा. लाज वाटते, पण उपयोग होतो. आणि अर्ध्या तासाने आली तरी रागवायचं नाही. तिच्या लेखी तुम्ही रागावता ते आल्याबद्दल.

गेरू चौदा महिन्यांची होईपर्यंत आम्ही दोरी सोडली नाही.

मग टेकडीवर मोकळं सोडायचं ना?

माझं मत, नाही. वेताळ टेकडीवर, तळजाईवर मोर आहेत. मोर हा राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. तुमचा सेटर त्याला पकडणार नाही कदाचित, पण गवतात अंड्यांवर बसलेली लांडोर उठवायला त्याला दोन सेकंद पुरतात. कुंपण असलेलं मैदान शोधा, ओळखीच्या कुणाची शेतजमीन शोधा. टेकडीवर लांब दोरीच बरी. दोरीवरचा सेटरही एकेका झुडपाचा वास घेत तासभर सुखात फिरतो, फक्त आपल्याला हळू चालावं लागतं.

बाल्कनीतलं कबुतर बघून ती पुतळ्यासारखी उभी राहते. काही झटका वगैरे आहे का?

नाही हो. अंग पुढे झुकलेलं, शेपूट सरळ, एक पाय उचललेला, डोळे खिळलेले. कुणी शिकवलं नाही, तरी तीन-चार महिन्यांचं पिल्लू हे करतं. बघून घ्या, फोटो काढा. आणि त्याच दिवशी बाल्कनीला जाळी बसवून घ्या, कारण पुतळ्यानंतरची पायरी झेप असते.

किती चालवायचं?

वयाच्या प्रत्येक महिन्याला पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, असा एक ढोबळ ठोकताळा सांगतात. चार महिन्यांचं असेल तर वीस मिनिटं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं वाढायची थांबायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर सायकलमागे पळवणं आणि उंचावरून उड्या टाळायच्या. आणखी एक शत्रू घरातच असतो, गुळगुळीत टाइल्स. चार पाय चार दिशांना जातात आणि खुब्यावर ताण येतो. जुन्या सतरंज्या अंथरा. घर दिसेना का गोधडीच्या दुकानासारखं.

खायला काय? पोळी-दूध चालेल?

वाढत्या मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग. चौथ्या महिन्यापर्यंत दिवसातून चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन, मग दोन. वरून कॅल्शियमचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नका. मोठ्या पिल्लांच्या हाडांना ते अपाय करतं.

पोळीबद्दल मुद्दाम सांगतो. काही आयरिश सेटरना गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, या जातीत तो दोष आनुवंशिक म्हणून नोंदलेला आहे. वजन वाढत नाही, सतत पातळ शी होते. असं असेल तर डॉक्टरांशी बोलून गहू बंद करून बघा. ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे भाकरीचा तुकडा बिनधास्त. दुधापेक्षा दही सोसतं. शिजवलेली हाडं, चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि शुगर-फ्री च्युइंग गम अजिबात नाही. मनुका लिहून ठेवा, प्रसादाच्या शिऱ्यातून पोटात जातात.

जेवल्यावर लगेच खेळू द्यावं का?

तासभर तरी नको. सेटरसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट वायूने फुगून त्याला पीळ पडू शकतो. पोट टणक फुगलेलं, सारखी ओकारी पण बाहेर काही येत नाही, लाळ, अस्वस्थ येरझारा. हे दिसलं तर सकाळची वाट बघू नका. काही तासांत जीव जातो. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आजच शोधून नंबर लिहून ठेवा.

आपल्या उन्हात टिकतो का?

पुण्यात, नाशकात जमतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलर-एसी नसेल तर हा कुत्रा आणू नका, असं मी तोंडावर सांगतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरून यायचं. डांबरावर हाताचा पंजा सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर तिलाही नाही. जोरात धाप, गडद लाल हिरड्या, झोकांड्या असं दिसलं तर सावलीत न्या, साध्या पाण्याने सगळं अंग भिजवा, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. केस मुळापासून भादरू नका, उन्हापासून तेच थोडं वाचवतात.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

कान. लोंबत्या कानांत ओल राहते आणि आंबूस वास येऊ लागतो. बाहेरून आलं की कोरड्या सुती फडक्याने पुसा, काडी आत घालू नका. गोचिडांचं औषध पावसाळ्यात चुकवू नका. अचानक जेवण टाकलं, ताप आला, हिरड्या फिकट दिसल्या तर रक्त तपासा, गोचीडतापाने चांगले कुत्रे गेलेत. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका असतो, त्याची लस असते.

खरी परीक्षा पाऊस संपल्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टेकडीचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं सेटरच्या लांब केसांच्या झालरीत, बोटांच्या बेचक्यांत, कानात शिरतात. कुसळाला उलटे काटे असतात, ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. गेरूच्या पंजातून एक काढायला भूल द्यावी लागली होती. तेव्हापासून दोन महिने रोज रात्री मालिका बघता बघता मांडीवर पंजे घेऊन बोटं फाकवून बघणं, हा आमच्या घरचा नेम आहे. गोखरू अडकले तर ओढू नका, थोडं खोबरेल लावा, निघतात.

लसी पूर्ण होईपर्यंत घरातच कोंडून ठेवायचं का?

जमिनीवर सोडू नका, पण घरात कोंडूही नका. साधारण सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत लसींचे डोस चालतात, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. जगाची भीती न वाटण्याचं वय नेमकं याच काळात सरतं. म्हणून कडेवर घ्या आणि फिरवा. रिक्षाचा आवाज, भाजीवाल्याची हाळी, हेल्मेट घातलेला माणूस, देवळाची घंटा, सगळं दाखवा. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावून जेवण द्यायला सुरुवात करा, आवाज दर आठवड्याला थोडा वाढवा. दिवाळीच्या फटाक्यांनाही तेच. तरी घाबरलीच तर जवळ घेऊन बसा. जवळ घेतल्याने भीती ‘वाढते’ हे खरं नाही.

एका ट्रेनरने साखळीचा फास वापरायला सांगितला. वापरू का?

आम्हालाही सांगितला होता, आम्ही वापरलाही. चौथ्या दिवशी दोरी हातात घेतली की गेरू पलंगाखाली जायला लागली. सेटर बाहेरून दांडगा आणि आतून लाजाळूचं झाड. त्याला ओरडलं तर शिकत नाही, मिटतो. ओढत असेल तर थांबा. दोरी सैल झाली की चाला. पहिल्या आठवड्यात गेटपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतील. वॉचमन काका विचारतील, ‘काय झालं साहेब?’

सोसायटी म्हणते लिफ्टमधून न्यायचं नाही.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही. पण भांडणाआधी महापालिकेचा परवाना आणि रेबीजचा दाखला काढून ठेवा, खिशात पिशवी ठेवा आणि लिफ्टमध्ये कुणी घाबरणारं असेल तर पुढची लिफ्ट घ्या. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा विरोध अशाने आठ महिन्यांत मावळला.

आम्ही दोघंही नऊ तास बाहेर असतो. चालेल?

हा कुत्रा नको.

सगळं शिकली होती, आठव्या महिन्यात सगळं विसरली.

विसरली नाही, वयात आली. सात ते चौदा-पंधरा महिने हा काळ असाच. लांब दोरी परत बांधा, कलेजी परत उकडा आणि पहिल्या धड्यापासून सुरू करा, या वेळी लवकर होतं. नसबंदी करायची असेल तर मोठ्या जातींत हाडांची वाढ होऊ देऊन मग करावी असं बरेच डॉक्टर सांगतात, तुमच्या डॉक्टरांशी बोला.

तर मग शांत कधी होते?

अडीच-तीन वर्षांनी. गेरू त्या उन्हाळ्यात एकदा दुपारी आपण होऊन माझ्या खुर्चीखाली येऊन पडली आणि तासभर हलली नाही. मी घाबरून तिचा ताप बघितला. नव्हता.